पोलिस म्हणतात "सध्या कुणाला सांगू नका": मुलांच्या ऑनलाइन शोषणाचा तपास, गुप्त नोटिसा आणि सरकारी खर्च

मागच्या महिन्यात पालकसभा संपल्यावर एक आई थांबून राहिली. बाकीचे गेल्यावर म्हणाली, "सर, पोलिसांत तक्रार देऊन पंधरा दिवस झाले. विचारायला गेलं की साहेब म्हणतात, सध्या कुणाला काही सांगू नका, आम्ही कंपनीला पत्र पाठवलंय. हे दाबून टाकतायत का आमचं प्रकरण?" तिच्या मुलाला की मुलीला, कोणत्या गावात, कोणत्या अॅपवर, हे आम्ही इथे लिहिणार नाही. कायद्यानेही ते लिहिता येत नाही. इतकंच सांगतो की समोरच्याने खोट्या नावाचं खातं उघडून लेकराकडून फोटो मागवले होते आणि नंतर धमक्या सुरू केल्या होत्या.

तिचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आपल्या समाजात "गुपचूप" या शब्दाला वाईट वास आहे. पोलिस गप्प म्हणजे प्रकरण मिटवतायत, किंवा उलट, आपल्याच पोराला अडकवतायत, असं आपण आधी धरतो. अनुभवातून धरतो, उगीच नाही. म्हणून ही गुप्तता म्हणजे नेमकं काय, ती कोण ठरवतं, आणि तिचे नियम बदलले तर पैसा कुणाचा आणि किती लागतो, हे नीट बसून वाचलं. ते सगळं इथे मांडतो.

पत्र जातं कसं

कुठल्याही खात्यामागे माणूस कोण, हे शोधायला पोलिसांना कंपनीकडून माहिती लागते: मोबाइल नंबर, ईमेल, कोणत्या वेळी कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून लॉगिन झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या ९४ व्या कलमाखाली न्यायालय समन्स काढू शकतं किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९१ वं कलम होतं. फरक एवढाच की आता इलेक्ट्रॉनिक संदेश आणि उपकरणं असा स्पष्ट उल्लेख आला आणि आदेश ईमेलने पाठवायची सोय झाली. त्याशिवाय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अधिकृत यंत्रणेने लेखी मागितलेली माहिती कंपनीने ७२ तासांत द्यायची असते, आणि कुणी खातं बंद केलं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस सांभाळायची असते.

आता यातली मेख बघा. ९४ व्या कलमात कागद "हजर करा" असं आहे. "खातेदाराला कळवू नका" असं त्यात कुठेही नाही. ऑनलाइन संदेश टिपण्याच्या आदेशांना गुप्ततेचा नियम आहे, तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखालच्या २००९ च्या नियमांत लिहिलेला आहे. पण साध्या ठाण्यातून जाणाऱ्या साध्या पत्राला नाही.

मग कंपनी काय करते? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ज्या मेटा कंपनीचे आहेत तिचं जाहीर धोरण असं, की सरकारने माहिती मागितली तर ती देण्याआधी खातेदाराला कळवायचं. अपवाद म्हणजे कायद्याने मनाई असेल तेव्हा, आणि बालशोषण, जिवाला धोका अशा खास परिस्थितीत. गूगलही साधारण असंच, ईमेल पाठवून कळवतं. एरवी हे धोरण चांगलंच आहे. पत्रकार असो, चळवळीतला कार्यकर्ता असो की साधा दुकानदार, आपल्या खात्यात सरकार डोकावलं हे त्याला कळायला हवं, त्याशिवाय तो वकिलाकडे जाणार कसा?

पण इथे उलट घडतं. गडबडीत लिहिलेल्या पत्रात फक्त "एका गुन्ह्याच्या तपासकामी" एवढंच असेल, पॉक्सोचं कलम नसेल, तर कंपनीला कसं कळणार की हे मुलाचं प्रकरण आहे? ती आपल्या धोरणाप्रमाणे समोरच्याला ईमेल पाठवू शकते. त्याने ईमेल वाचला की पहिलं काम फोन फॉरमॅट, दुसरं काम सिमकार्ड नदीत. आणि त्या फोनमध्ये फक्त एकाच लेकराचे फोटो असतात असं समजू नका.

यासाठीच मोठ्या कारवायांत सगळीकडे एकाच वेळी धाड पडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सीबीआयने "ऑपरेशन कार्बन" केलं तेव्हा १४ राज्यांत ७७ ठिकाणी एकदम झडत्या घेतल्या. सप्टेंबर २०२२ च्या "ऑपरेशन मेघचक्र"मध्येही तेच. एका गावात बभ्रा झाला असता तर बाकीच्या गटाने तासाभरात सगळं पुसलं असतं.

त्या आईला साहेब "सांगू नका" म्हणाले, ते बहुधा यासाठी. फक्त हे कारण तिला दोन वाक्यांत समजावून सांगितलं असतं तर तिचे पंधरा दिवस असे गेले नसते.

गुप्ततेचे तीन प्रकार, आपण एकच समजतो

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

पहिली, मुलाची ओळख. ती कायमची गुप्त. पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमात माध्यमांना मनाई आहे, ३३ व्या कलमात विशेष न्यायालयावर जबाबदारी आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायला सांगितलं, पण पॉक्सोसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली. म्हणजे पोलिसांच्या साइटवर तुमची एफआयआर दिसत नाही याचा अर्थ ती नोंदलीच नाही असा होत नाही. तक्रारदाराला तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

दुसरी, आरोपीपासून तपासाची गुप्तता. ही तात्पुरती. अटक झाली की कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं. दोषारोपपत्र आल्यावर पोलिसांनी गोळा केलेले कागद आरोपीला द्यावे लागतात, कंपनीचं उत्तरही त्यातच येतं.

तिसरी, पीडित कुटुंबापासूनची गुप्तता. ही कायद्यात नाहीच. उलट नव्या संहितेच्या १९३ व्या कलमाप्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, फोनवर मेसेज करूनही चालतं.

चौथी एक आहे, ती कायद्यातली नाही, आपल्या घरातली आहे. "इज्जतीचा सवाल" म्हणून जी होते ती. आपल्यात पर्दापोशीला मोठं मोल आहे आणि ते बरोबर आहे, दुसऱ्याचा ऐब चव्हाट्यावर मांडू नये. पण पर्दापोशी माणसाच्या चुकीची असते, जुलमाची नाही. लेकराने चूक केलेली नाही, त्याच्यावर जुलूम झालाय. आणि कायदाही इथे स्पष्ट आहे: पॉक्सोच्या १९ व्या कलमाखाली असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची आहे. मुख्याध्यापक, मदरशाचे नाझिम, वसतिगृहाचे व्यवस्थापक यांनी हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर २१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आम्ही शिक्षकही यातून सुटत नाही.

आता पैशाची गोष्ट

अमेरिकेत अशा नियमांवर बरीच वर्षं वाद चालू आहे. तिथे मुलांच्या लैंगिक शोषणाच्या तपासात सरकारी यंत्रणा न्यायाधीशाकडे न जाता थेट समन्स काढू शकते. पण कंपनीचं तोंड बंद करायचं असेल तर न्यायाधीशाचा आदेश लागतो, आणि तो एका वेळी ९० दिवसांपुरता, पुढे वाढवून घ्यायचा. २०२२ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाने तोंडबंदीचे आदेश आवळणारं एक विधेयक मंजूर केलं. त्यात इतर गुन्ह्यांसाठी मुदत कमी ठेवली आणि बालशोषणासाठी एक वर्षापर्यंत दिली. सिनेटमध्ये ते अडकलं. आमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे संसदेचं स्वतःचं अर्थसंकल्प कार्यालय आहे आणि समितीतून पुढे आलेल्या जवळपास प्रत्येक विधेयकाचा खर्च ते काढून छापतं. पोलिसांचे तास किती, न्यायालयाचे किती, दंडातून तिजोरीत किती येईल, सगळं.

आपल्याकडे काय? लोकसभेच्या कामकाज नियमांत ६९ वा नियम आहे. ज्या विधेयकाने खर्च येणार असेल त्याला वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. पण ते ज्ञापन विधेयक आणणारं मंत्रालयच लिहितं, आणि नियम बदलले, परिपत्रक निघालं, तर तेही नाही. म्हणजे "यापुढे गुप्ततेच्या आदेशासाठी न्यायाधीशाची सही लागेल" असा बदल उद्या झाला, तर साताऱ्याच्या आणि सांगलीच्या न्यायालयावर त्याचा किती भार येईल, हे कुणी मोजून सांगणार नाही. म्हणून आम्ही शाळेतल्या गणितासारखं स्वतःच मांडून बघितलं.

एका न्यायालयाची किंमत आधी काढू. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने बलात्कार आणि पॉक्सो खटल्यांसाठी १०२३ जलदगती विशेष न्यायालयांची योजना सुरू केली. पहिल्या टप्प्याला ७६७.२५ कोटी रुपये धरले होते. भागाकार केला की एका न्यायालयाला वर्षाला बरोबर ७५ लाख. नंतर ही योजना मार्च २०२६ पर्यंत वाढवली, १९५२.२३ कोटी रुपये धरून, त्यातले १२०७.२४ कोटी केंद्राचे निर्भया निधीतून. तीन वर्षांत वाटले तर एका न्यायालयाला वर्षाला ६४ लाखांच्या आसपास पडतात. आपण वरचा, ७५ लाखांचा आकडा धरू.

आता पुढचे आकडे मानलेले आहेत, कुणी ते जिल्ह्याची आकडेवारी म्हणून फॉरवर्ड करू नये. समजा दोन्ही जिल्हे मिळून वर्षाला मुलांच्या ऑनलाइन शोषणाची १०० प्रकरणं आहेत. प्रत्येकात तीन कंपन्यांना पत्र. म्हणजे ३०० आदेश. न्यायाधीशाला कागद वाचून कारण लिहून सही करायला अर्धा तास धरला तर १५० तास. दिवसाला पाच तास काम धरलं तर ३० दिवस. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर एका न्यायालयाचा आठवा हिस्सा, म्हणजे ९ लाख ३७ हजार रुपये. एका प्रकरणामागे साडेनऊ हजारही नाहीत.

आदेश एक वर्षाचा असेल तर हिशोब इथे संपला. पण तो अमेरिकेसारखा ९० दिवसांचा असेल आणि तपास वर्षभर चालला, तर प्रत्येक आदेश तीनदा वाढवून घ्यावा लागेल. ९०० मुदतवाढी. एकेकीला दहाच मिनिटं धरली तरी आणखी १५० तास, खर्च एकदम दुप्पट, १८ लाख ७५ हजार. शिवाय प्रत्येक तारखेला ठाण्यातला एक हवालदार आणि सरकारी वकील दिवसभर अडकणार, ते वेगळंच. विटा, शिराळा, किंवा पाटणचं शेवटचं खोरं, तिथून जिल्ह्याच्या गावी जाऊन यायला दिवस मोडतो हे आपल्याला ठाऊक आहे.

मनोधैर्य योजनेत राज्य सरकार एका पीडित मुलाला जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत मदत देतं. म्हणजे वर्षभर दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या गुप्त आदेशांवर न्यायाधीशाची नजर ठेवायचा खर्च साधारण एका मुलाच्या भरपाईएवढा. तो न करण्याचं कारण "पैसा नाही" हे असू शकत नाही.

गुप्तता फुटल्याचा खर्च मात्र मोजला जात नाही. फोन पुसला गेला की तो प्रयोगशाळेत जातो आणि तिथे रांग आहे. कंपनीकडच्या चॅटचा मजकूर हवा असेल तर अमेरिकेबरोबरच्या परस्पर कायदेशीर साहाय्य करारातून जावं लागतं. हा करार २००५ पासून लागू आहे, पण कागद ठाण्यातून गृहमंत्रालय, तिथून वॉशिंग्टन आणि परत, यात महिने जातात. केंद्राने सायबर फॉरेन्सिक प्रयोगशाळा, सल्लागार आणि प्रशिक्षणासाठी राज्यांना १३१.६० कोटी रुपये दिले. एका निष्काळजी पत्राने पुरावा गेला तर त्या यंत्रणेचा उपयोग काय?

आणि काही गोष्टींना पैसाच लागत नाही. पत्रात पॉक्सोचं किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब कलम ठळक लिहायचं, "पीडित अल्पवयीन आहे, खातेदाराला कळवू नये" हे एक वाक्य टाकायचं, आणि आधी माहिती जपून ठेवायची विनंती पाठवून मग बाकीचं मागायचं. छापील नमुना केला तर एका पानाचा खर्च.

आमचं मत, आणि आमची भीती

हे सगळं लिहिताना मनात एक काटा होताच. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत काय झालं ते या साइटच्या वाचकांना सांगायला नको. सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव आला, मशिदीवर हल्ला झाला, एक तरुण जिवानिशी गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. पोस्ट नेमकी कोणाच्या हातून गेली हे शोधायला हेच साधन लागतं, कंपनीला पत्र आणि लॉगिनची नोंद. ते निर्दोष पोराला सोडवू शकतं. तेच साधन गुपचूप, कुणाच्याही सहीशिवाय, कुणाच्याही खात्यावर वापरलं गेलं तर घाबरायलाही हवं.

म्हणून गुप्तता सरसकट असावी असं आम्ही म्हणत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमात असं आहे, की तपासासाठी लेखी मागणीवरून माहिती दिली असेल तर ती कोणाला दिली हे सांगायचं बंधन कंपनीवर नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. बालशोषण असो की किरकोळ भांडण, तरतूद एकच, आणि तिला शेवटची तारीख नाही. आमचा आक्षेप तिथे आहे.

मुलांच्या प्रकरणांत गुप्तता हवी, पक्की हवी, वर्षभराची हवी. पण तिच्यावर न्यायाधीशाची सही हवी, आणि तपासात काही निघालं नाही तर ज्याचं खातं तपासलं त्याला शेवटी एक पत्र जायला हवं. आपली माहिती कंपनीकडे अमानत असते, तपासात ती पोलिसांकडे अमानत होते. अमानत कुणाकडे आहे हे मालकाला कधीच न कळणं बरं नाही. वरच्या हिशोबाप्रमाणे हे महाग नाही. आणि तक्रार घेऊन हायकोर्टात जायचं झालं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा आणि सांगली दोन्ही त्यात येतात. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, तोही खर्चच.

दुसऱ्या बाजूने एक सांगायला हवं. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की मुलांचं असं चित्रण नुसतं जवळ बाळगणंही, ते डिलीट केलं नाही किंवा कळवलं नाही तर गुन्हा ठरू शकतं. "ग्रुपवर आलं होतं, मी पाठवलं नाही" हे पुरत नाही. मेटा, गूगल अशा कंपन्या असलं चित्रण सापडलं की अमेरिकेतल्या एका केंद्राला कळवतात, आणि २०१९ च्या करारानुसार भारताच्या भागाची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत राज्यांना येते. २०२३ मध्ये जगभरातून असे सुमारे ३ कोटी ६२ लाख अहवाल गेले, त्यातले जवळपास ८९ लाख भारताशी जोडलेले होते. सगळे गुन्हेगार नव्हेत, एकच व्हिडिओ हजारदा मोजला जातो, "बघा किती वाईट" म्हणून पुढे ढकलणारेही त्यात येतात. आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवरही असे लोक आहेत. पुढे ढकलू नका. अशी तक्रार नाव न देताही सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. मूल संकटात असेल तर १०९८ फोन करा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीचा आहे, दोन्हींत गल्लत होते.

त्या आईला आम्ही एका कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या: एफआयआरचा नंबर आणि प्रत मागा, पत्रात पॉक्सोचं कलम आहे का एवढंच विचारा, मुलाचा फोन फॉरमॅट करू नका आणि चॅट पुसू नका, आणि १९३ व्या कलमाखाली ९० दिवसांत प्रगती कळवायची आहे हे आठवण म्हणून लेखी द्या. ती दुसऱ्या दिवशी जाऊन आली. साहेबांनी कलम आहे असं सांगितलं आणि पुढच्या वेळी येताना फोन करून या म्हणाले. ९० दिवस पुढच्या महिन्याच्या शेवटी पुरे होतात, तारीख आम्ही आमच्या डायरीतही लिहून ठेवली आहे.